सपनाच्या हातातल्या मात्रा

आसेगाव, रविवार

प्रिय सपना,

माझा नंबर तू ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र. पाकिटावर तुझं सासरचं नाव लिहिलं की मानोऱ्याचा पोस्टमन घर शोधेल.

सकाळपासून दहा वेळा खुर्चीतून उठले. चहा केला, तो निवून गेल्यावर आठवला. कारण, तोच माझा कम्प्युटरचा प्रोग्राम. साध्या फाईलमध्ये ओळीनं सूर लिहायचे, प्रत्येकापुढे त्याच्या मात्रा, सा दोन, ग एक, की कम्प्युटर गाणं वाजवतो. चार वर्षांपूर्वी मी सगळ्या गायन मंडळासमोर शायनिंग मारली होती, की आता ढोलकीवाचून कुणाचं अडणार नाही. तू ढोलकी खुंटीला टांगलीस आणि गेलीस. मला वाटलं, येईल दोन दिवसांत. मी मोठी शहाणी!

मार्चमध्ये बाबांना लकवा झाला. उजवा हात गेला, बोलणं तुटक झालं, गाणं तर बंदच. मग मी त्यांची वही काढली. बेचाळीस गाणी, सगळे सूर नीट लिहिलेले, पण मात्रा एकाही गाण्याला नाहीत. गाताना ते ढोलकीवरच्या तुझ्या हाताकडे बघायचे. सूर किती धरायचा ते त्यांना तिथून कळायचं. आता मी अंदाजानं आकडे टाकते, खोडते, पुन्हा टाकते. सगळ्या सुरांना एकेक मात्रा दिली तर बाबांचं गाणं शाळेच्या कवायतीसारखं चालतं.

काल त्यांना कम्प्युटरवर त्यांचंच एक गाणं ऐकवलं. ते डाव्या हातानं खाटेवर थापा मारू लागले. मला वाटलं, ताल धरतात. ते मला थांबवत होते. "हे माह्यं गाणं नाही," म्हणाले. मग, "सपनी काहून येत नाही?"

तू गेलीस त्या दिवशी बाबा मंगरूळपीरला होते. सपनाला सासरी वेळ मिळत नाही, असं मी त्यांना चार वर्षं सांगत आले. काल खरं सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मात्रा तू चिठ्ठीतही लिहून पाठवशील. पण मी आकडे मागायला लिहीत नाही. मला तुझी माफी मागायची आहे, बाबांसमोर. मंडळालाही बोलावते, सगळ्यांसमोर बोलले होते, सगळ्यांसमोरच मागीन. ढोलकी त्याच खुंटीला आहे. काल तिच्या दोऱ्या ओढून पाहिल्या, मला जमलं नाही. तू ये.

तुझीच,
स्नेहा