हुम्ल्याचं टनेल

११ पुस (पौष)
आजही दूर हिमालयातल्या हुम्ल्याच्या आरोग्य चौकीतून सोनोग्राफीचं चित्र अर्धवटच आलं. आवाज येतो, निरोप येतात — चित्र म्हटलं की अडकलंच! इंटरनेटची डिशवाली कंपनी बदलल्यापासून हे सुरू.

शेवटी कारण सापडलं. काठमांडूतला आमचा सर्व्हर आणि चौकीतलं मशीन यांच्यामधलं टनेल, म्हणजे इंटरनेटमधून काढलेली आमची खाजगी वाट, मीच बांधलेलं. दोन्ही टोकांना एकेक नेटवर्क कार्ड — वायर नाही, दिवा नाही, लिनक्सनं मानलं म्हणून आहे. त्यातून जाणारी डेटाची मोठी पॅकेटं नव्या लाइनमधून जातच नाहीत, वाटेतच गळतात. लहान करायची तर तिकडचं टनेल पाडून पुन्हा उभं करायला हवं. आणि तिकडे पोचायची वाट? तेच टनेल! बसल्या फांदीवर कुऱ्हाड.

ताम्राकार दाइ, माझे साहेब, म्हणाले, "हात लावायचा नाही, बहिनी. तुटलं तर बर्फातून चालत जाशील जोडायला?"

१२ पुस
चौकीतली नर्स पेमा बोलली. छोइकीला आठवा महिना, पोटात कळा, थोडं रक्तही. "दिदी, चित्र पोचलं का गं? मला काढता येतं, वाचता कुठे येतं!"

नाही पोचलं. इथे डॉक्टर पौड्याल अडून बसलेत — "चित्र बघितल्याशिवाय हेलिकॉप्टर कशाच्या जोरावर मागू?"

१३ पुस
दाइंना विचारलंच नाही. आधी तिकडच्या मशीनला सांगून ठेवलं — संपर्क आला नाही तर आपणच रिस्टार्ट हो, जुनी सेटिंग घे. मग एंटर.

गेलं.

रिस्टार्टची वेळही टळली. काही नाही! बॅटरी बसली? थंडीत मशीन उठलंच नाही? कळायला वाट कुठे ठेवलीय मी!

दाइ मागे येऊन उभे. "लावलास ना हात?" आवाज चढवला नाही. तेच जास्त लागलं.

चौकीचा फोनही त्याच टनेलवर चालतो. डॉक्टरांनी मला फोन केला. "चौकी उचलत का नाही?" माझ्या तोंडून एवढंच निघालं — "संपर्क नाही, सर."

१३, दुपार
डॉक्टरांना वाटलं, चौकीवर हिमकडा कोसळला. चित्राबित्राची वाट न बघता हेलिकॉप्टर मागवलं! मी खरं सांगायला उठले, तर दाइंनी मनगट धरलं. "आधी उडू दे."

१४ पुस
छोइकी खाली सुर्खेत शहरातल्या दवाखान्यात. आत रक्त साचलं होतं. पोट फाडून बाळ काढलं — मुलगी. दोघी जिवंत! फोनवर पेमा रडली, मी रडले.

डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं.

१५ पुस
पेमानं ते चित्र सोबत नेलं होतं. सुर्खेतच्या डॉक्टरांनी आज पाहिलं. म्हणाले, "यात तर सगळं ठीक दिसतंय. आत साचलेलं रक्त कधीकधी चित्रात येतच नाही." टनेल उभं राहिलं असतं, तर हेलिकॉप्टर गेलंच नसतं.