धुऱ्यापलीकडची खुर्ची

१२ ऑगस्ट

हद्दपार झालो! एक वर्ष यवतमाळ जिल्ह्यात पाऊल ठेवायचं नाही. गुन्हे तीन — तिन्ही नळाच्या पाण्यासाठी केलेल्या रस्ता रोकोचे. आदेशात लिहिलंय, माझ्या वावरण्यानं लोक भयभीत होतात. बायको, मलिका, वाचून हसत सुटली. ‘घर के मच्छर तो तुमसे डरते नहीं!’ मग तिची नजर कॅलेंडरवर गेली. डिसेंबरात आमच्या लेकीचा, जेबाचा निकाह आहे.

१३ ऑगस्ट

लखीराम हवालदार वाशीम जिल्ह्याच्या पाटीपर्यंत सोडायला आला. ‘नबीभाऊ, सायब म्हन्ते हे शिक्षा नाही, खबरदारी आहे.’ शिक्षेला जामीन तरी असतो! पाटीच्या अलीकडे मी धोकादायक, पलीकडे सज्जन. चाळीस दिवस धर्मप्रचाराच्या जमातीत फिरूनही माणूस इतका सुधारत नाही.

२ ऑक्टोबर

निकाहापुरती एका दिवसाची परवानगी मागितली. पत्रिका जोडली.

११ डिसेंबर

‘अर्ज विचाराधीन.’ निकाह २१ ला. केवढा खोल विचार!

जेबाचा फोन. ‘अब्बा, आपके बगैर नहीं होगा.’ तोडही तिनंच काढली — आमच्या गावच्या घनश्यामचं वावर. त्याचा धुरा, म्हणजे वावराचा बांध, हीच जिल्ह्याची हद्द. मांडव त्याच्याकडे, यवतमाळात. माझी खुर्ची धुऱ्यापलीकडे, त्याचा शेजारी फुलसिंगच्या वावरात, वाशीममध्ये. फुलसिंग खूश. घनश्याम मात्र कुरकुरला, ‘त्याच्याकडं कायले बसता? दरसाल नांगरताना माहा धुरा खाते थो. म्या मोजणी मागवली आहे.’ इथं माझा जीव टांगणीला, याला धुऱ्याची पडलीय!

२१ डिसेंबर

झाला निकाह! काझी तिकडे, मी इकडे, मधे हातभर धुरा. लखीराम सारा वेळ माझ्या पायांकडे बघत होता. मी ते हलवलेच नाहीत. नवऱ्या मुली ‘कबूल’ पुटपुटतात. जेबानं मोठ्यानं म्हटलं, मला ऐकू यावं म्हणून. बायका चपापल्या. मी रडलो, सगळ्यांसमोर. बिर्याणी मात्र विनापरवाना हद्द ओलांडून आली.

२६ डिसेंबर

मोजणी झाली. फुलसिंगनं पंधरा वर्षांत धुरा वीस हात सरकवलेला निघाला. म्हणजे माझी खुर्ची यवतमाळ जिल्ह्यातच होती! घनश्याम पेढे वाटतोय. लखीराम वही घेऊन आला, तोंड पाडून. ‘नबीभाऊ, खुर्ची अजून मांगं होती, असं लिहू का?’

म्हटलं, नको. खरं तेच लिही — लेकीच्या निकाहाला बाप जिल्ह्यात हजर होता.