दिपेशच्या हळदीला येताना

मनू,

खरं तर आता तुला विहीणबाई अशी हाक मारायची होती. आमच्या सोनलचं आणि तुझ्या दिपेशचं ठरलं, तेव्हा आपण दोघी उरणच्या बाजारात साखरपुड्याची साडी बघत फिरलो होतो. त्याच आठवड्यात पक्षाच्या तालुकाध्यक्षाची निवडणूक झाली. आमचे हे हरलेल्या शेठच्या गटातले, तुझे कोंडाजी जिंकलेल्याच्या. निकालापासून दोघं एकमेकांना बघून रस्ता बदलू लागले.

तरी तू आमच्या ओट्यावर आलीस. "भावजी, यात पोरांचा काय दोष हाय?" म्हणालीस. हे म्हणाले, "कोंडाजीला सांग, आधी गट सोड, मग आमची पोरगी माग." तू पाणीही न पिता गेलीस आणि सोयरीक तिथंच मोडली.

आता शेठनी अध्यक्षांशी जुळवून घेतलंय, उपाध्यक्षपदही मिळालंय. हे आणि कोंडाजी पुन्हा एका बाकावर बसून चहा पितात. दिपेशच्या हळदीचं आमंत्रण कोंडाजी स्वतः घरी देऊन गेले. नवरी चौलची आहे म्हणे.

आज सोनल तिच्या बाबांच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होती. म्हणाली, "आई, तू पण जा. मनूमावशीला बरं वाटेल." मग तिनं तोच शर्ट पुन्हा इस्त्रीला घेतला.

मी येईन. मांडवात सगळ्यांशी हसून बोलेन. फक्त दिपेशला हळद लावायला मला पुढं बोलावू नकोस. एवढंच सांगायचं होतं, पण तुझ्या घरी कार्य असताना असलं पत्र कुठल्या तोंडानं पाठवू?

तुझीच,
ठमी