दसऱ्याच्या वाकळा अन् भाऊजींचा फोटो पॉइंट

शिवम भाऊजी,

भाकरी टोपल्यात हाये, बेसन गरम करून घ्या. तुमची माय अन् मी पुन्हा अडाण नदीवर चाललो, काहून की सकाळी वाकळा अर्ध्याच धुऊन पळा लागलं.

दसरा काढायच्या, म्हंजे घरातलं सारं आंथरूण-पांघरूण धुवायच्या दिवसात साऱ्या गावच्या बाया नदीवर असतात, हे तुमाले ठाऊक नव्हतं? याच घरात वाढले ना? तरी शहरातल्या पाहुण्यायले घेऊन तुमची ती सायकलींची ग्रॅव्हल राईड पांदणीतून थेट आमच्या धुण्याच्या खडकावर आणली! वरून नकाशात त्या जागेले 'फोटो पॉइंट' नाव देलं. आमी वल्ल्या कपड्यात, अन् तुमचे पाहुणे मोबाईल काढून 'वा, काय रंग!' म्हणून राह्यले. तुमची माय निरगुडीच्या झुडपामांगं लपली. तुमी सगळ्यात पुढं होते. तिले पाहून मान फिरवली अन् पाहुण्यायले म्हणता, 'चला, पुढं लय मस्त उतार हाये!'

ते फोटो पुसायले लावा. रूट वरच्या मुरमाच्या रस्त्यानं न्या.

तुमची वाकळ आमी धुतली नाही. आंगणातल्या टपात सोडा टाकून भिजू घातली हाये. सायकलवर घाला अन् त्याच खडकावर घेऊन या. धुवा तुमीच. फोटो काढायले आमी साऱ्या बाया बसलोच हावो.

राखीवहिनी