बाजेखालची शेगडी

पुलगाव,
८ नोव्हेंबर

चि. सौ. इला हिस अनेक आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. तुझ्या बाबांचा खोकला गेला, हट्ट गेला नाही. मागची खोली रंगवून घेतली, खिडकीला जाळी बसवली. दुसऱ्या बाळंतपणालाही तू इथेच यावंस म्हणून ही तयारी. पण गेल्या आठवड्यात वर्ध्याहून तुझ्या सासूबाईंचा फोन आला, इला या वेळी इथेच राहील म्हणाल्या. कारण त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला ते ठाऊक होतं.

फोनवर हे बोलता येत नाही, शेजारी बाबा असतात. म्हणून कागद घेतला.

ऋग्वेद पोटात असताना, सातव्या महिन्यात, तू मला स्वयंपाकघरात म्हणालीस, "आई, खाली लघवीच्या जागेवर शिरा फुगल्या. उभं राह्यलं की लय जड वाटते. डॉक्टरले सांगू का?"

मी म्हटलं, "असं सांगत नसते. सगळ्याईलेच होते."

अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं मी. शरीराचा तो धडा आला की मुलांना घरी वाचा म्हणायची. तुलाही तसंच टाळलं.

बाळंतपणानंतर बाजेखाली रोज सकाळ-संध्याकाळ शेगडी ठेवली. आपल्याकडे ठेवतातच. तू म्हणायचीस, शेकानं आग होते, थंड फडकं दे. एकदा तू स्वतःच उठून फडकं ओलं केलंस, तर मी ते तुझ्या हातातून ओढून घेतलं. वात धरेल म्हणून ओरडले. तू भिंतीकडे तोंड करून रडलीस आणि विसाव्या दिवशी सासरी निघून गेलीस. तिथे सासूबाईंनीच तुला डॉक्टरीणबाईंकडे नेलं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. थंड घड्या, पाय उशीवर घेऊन डाव्या कुशीवर पडणं, आधाराची घट्ट चड्डी (लिहितानाही हात अडखळला बघ). महिन्याभरात उतरलं म्हणे. एवढंच करायचं होतं.

आता जे लिहायला चार दिवस लागले ते लिहिते. तू सांगितलंस तेव्हाच ते काय आहे हे मला कळलं होतं. तू पोटात असताना मलाही तेच झालं होतं. फळ्याजवळ उभं राहवत नव्हतं. मी कोणाला सांगितलं नाही, तुझ्या बाबांनाही नाही. मी सोसलं तर तूही सोसशील, असं वाटलं. खरं सांगू, थोडा रागही आला होता, हिला इतकं सहज बोलता कसं येतं म्हणून. त्या रागाची मला फार लाज वाटते.

हे पत्र तुला बोलवायलाच लिहायला घेतलं होतं. पण इला, येऊ नकोस. तू पुन्हा कण्हलीस तर मी पुन्हा तुला गप्प करीन, अशी मला माझीच भीती वाटते. तिथेच राहा. काही होत असेल तर डॉक्टरीणबाईंना लगेच सांग. बाळाला बघायला मी येईन, तू बोलावलंस तरच.

सगळं माहीत असून गप्प राहिलेली,
तुझी आई