दुपारी तीनची गर्दी

मिल्टन कीन्स
रविवार, ८ ऑक्टोबर २००६

प्रिय देवयानी,

आधी काय झालं ते क्रमाने लिहिते. कारणं नंतर.

१. जूनमध्ये आमच्या ऑफिसात एका बर्गर कंपनीचं काम आलं. गाडीत बसूनच खाणं घेऊन जायच्या नव्या ड्राइव्ह-थ्रूसाठी पाच जागा होत्या. त्यांतल्या कुठल्या चालतील ते सांगायचं होतं. काम माझ्याकडे आलं.

२. पाचांतली एक जागा म्हणजे तुझ्या सासऱ्यांच्या दुकानासमोरचं, बंद पडलेलं कार्पेटचं शोरूम.

३. माझ्या पहिल्या हिशेबात ती जागा नापास झाली.

४. त्यानंतरच्या रविवारी मी हाउन्सलोला तुझ्या सासरी जेवायला गेले आणि मोहनकाकांना त्यांच्या धंद्याबद्दल विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं.

५. ते आकडे मी अंदाज बांधायच्या मॉडेलमध्ये घातले. जागा पास झाली.

६. कंपनीने ती जागा घ्यायचं ठरवलं आहे. कौन्सिलकडे परवानगीचा अर्ज नोव्हेंबरात जाईल. तोवर बाहेर कुणालाही कळणार नाही.

७. मोहनकाका त्यांच्या दुकानाचं लीज आणखी पंधरा वर्षांसाठी घेताहेत. समोर काय येणार आहे हे त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे आणि मी गप्प राहिले आहे.

फोन केला नाही, कारण फोनवर तू मध्येच म्हणाली असतीस, "अगं निवे, एवढं काय त्यात," आणि मी तिथेच थांबले असते. मला थांबायला निमित्त लागतं, हे तुला कॉलेजपासून माहीत आहे. कंपनीचं नाव इथेही लिहीत नाही. तसा करार आहे. तो करार मी या पत्राने मोडतेच आहे, तेव्हा नाव न लिहून नेमकं काय राखते आहे ते मलाही सांगता येणार नाही. तू ओळखशील.

तुझ्या लग्नानंतर दीड वर्षाने मी या देशात आले, तेव्हा तूच ब्रिस्टलहून सासऱ्यांना फोन केला होतास. मैत्रीण येतेय, खोली मिळेपर्यंत राहील, म्हणून. काका हीथ्रोला मला घ्यायला आले ते दुकानाच्या लाल एप्रनवरच. खोली मिळायला चार महिने लागले. खरं तर सहा आठवड्यांतच मिळाली होती. मी सांगितलं नाही. यमुनाकाकूंनी वरच्या खोलीत तुझ्या अवधूतच्या जुन्या टेबलावर माझ्यासाठी दिवा आणून ठेवला होता आणि मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

पहिल्या दिवशी काकांनी मला दुकानात नेऊन बीनबर्गर खायला घातला. काकांचं दुकान विम्पी या जुन्या बर्गर-साखळीतलं, आणि विम्पीत बर्गर ताटलीत येतो, सोबत काटा-सुरी येते, टेबलावर टोमॅटोच्या आकाराची केचपची बाटली असते आणि माणूस टेबलापाशी येऊन काय हवं ते विचारतो, हे मला माहीत नव्हतं. मी हाताने खायला लागले तर काका म्हणाले, "अगं बाई, इथे साहेबासारखं खायचं. हाताने खायचं असेल तर जा त्या पुठ्ठ्याच्या खोकेवाल्यांकडे." मग काउंटरखालून ठेच्याची बरणी काढून हळूच माझ्या ताटलीत चमचाभर ठेचा घातला. ती बरणी मेन्यूत नाही. ती फक्त आपल्या मुलांसाठी. नागपूर-पुण्याहून आलेला आणि काकांकडून ठेचा न मिळालेला मुलगा हाउन्सलोत सापडणार नाही.

खोकेवाल्यांचं पुराण तू माझ्याहून जास्त वेळा ऐकलं असशील. काका एकोणीसशे बाहत्तर साली नाशिकहून आले आणि विम्पीच्या एका शाखेत ताटल्या धुवायला लागले. चौऱ्याहत्तरमध्ये वुलिचला मॅकडॉनल्ड्सचं इंग्लंडातलं पहिलं दुकान निघालं, तेव्हा सुटीच्या दिवशी दोन बस बदलून ते बघायला गेले. परत येऊन मालकाला सांगितलं, "काळजी नको. त्यांच्याकडे ताटल्याच नाहीत. सहा महिने टिकले तर खूप." हे सांगून काका स्वतःच एवढे हसतात की काकूंना त्यांच्या पाठीवर थाप मारावी लागते. एकोणनव्वदमध्ये विम्पी विकली गेली. जिथे काउंटरवर उभं राहून घ्यायचं ती दुकानं हळूहळू बर्गर किंग झाली, आणि टेबलाशी आणून देणारी तेवढी विम्पी म्हणून उरली. काकांनी दोन वर्षांनी आपलं दुकान घेतलं ते त्या उरलेल्यांतलं. त्यांना सगळे म्हणाले होते, मोहन, बुडत्या बोटीचं तिकीट काढतोयस. काका म्हणाले, "बोट बुडेल तेव्हा बुडेल, जेवण तर टेबलावर मिळेल."

मी दोन्हींचा इतिहास नीट वाचला, कारण कामासाठी वाचावा लागला. एकोणीसशे चोपन्न हे साल दोन्हीकडे येतं. त्या वर्षी लंडनमध्ये चहाची मोठमोठी उपाहारगृहं चालवणाऱ्या लायन्स कंपनीने एका कोपऱ्यात विम्पी या अमेरिकन नावाचा बर्गर विकायला सुरुवात केली, आणि तो विकला इंग्लिश पद्धतीने, बसवून, ताटलीत. त्याच वर्षी तिकडे कॅलिफोर्नियात मिल्कशेकची यंत्रं विकत फिरणारा एक माणूस, खोकेवाल्यांचा धंदा ज्यांनी मुळात काढला त्या दोन भावांच्या दुकानात पोचला. त्या भावांनी काही वर्षं आधी चालता धंदा बंद करून यादीतले बहुतेक पदार्थ काढून टाकले होते, टेनिस कोर्टवर खडूने स्वयंपाकघर आखलं होतं आणि नोकरांना त्यात नुसतं चालायला लावून कोण कुणाला धडकतं ते पाहिलं होतं. धडक झाली की रेघ पुसायची, पुन्हा आखायची. देवयानी, हे वाचताना मला खूप आनंद झाला. काकांची चेष्टा ऐकत जेवणारी मी मनातून खडूच्या बाजूची होते, हे मला इथे लिहायला हवं.

कामासाठी मी तीन आठवडे दोन्हीकडचं खात होते. खोकेवाल्यांच्या चिप्स बारीक असतात, गरम असताना उत्तम लागतात आणि निवल्या की पुठ्ठा होतात. विम्पीच्या जाड, आतून बटाट्याची चव असलेल्या. निवल्या तरी खाता येतात, म्हणून म्हातारी माणसं सकाळी एका बशीवर दोन तास बसतात. तिकडे बर्गर सगळीकडे सारखाच. तेच त्यांचं यश. इकडे काका स्वतः तव्यापाशी असले तर एक चव, सुटीवर असले तर दुसरी. मी हे सगळं तक्त्यात लिहिलं. ठेचा लिहिला नाही. त्याला रकाना नव्हता.

आता रविवारचं. नवीन जागेचा अंदाज बांधताना आजूबाजूच्या दुकानांत माणसं किती येतात ते धरावं लागतं. ते आपल्याला कळत नाही, म्हणून एक सरासरी घेतात. सरासरीने पाहिलं तर काकांच्या रस्त्यावर बर्गर खाणारी माणसंच नव्हती, म्हणून जागा नापास झाली. मी तिथे थांबायला हवं होतं. पण मी त्या दुकानात बसलेली आहे. सरासरी चुकीची आहे हे मला दिसत होतं, आणि चुकीचा आकडा मला सोडवत नाही. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की मी फक्त अचूकता बघते आहे.

काकूंनी भरली वांगी केली होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की दुपारी मधल्या वेळात दुकान रिकामं असतं ना. काकांनी पोळी खाली ठेवली. "रिकामं? तीन वाजता येऊन बघ! विमानतळाची पाळी सुटते, बसायला खुर्ची मिळत नाही. सामान चढवणारे, साफसफाईवाले, सिक्युरिटीवाले. बारा वर्षं तीच माणसं." काकू म्हणाल्या, "अहो, जेवू द्या तिला." त्यावर काका म्हणाले, "विचारू दे गं! घरात कुणीतरी धंद्याचं विचारतंय. तुझ्या मुलाला विमानाच्या पंखापलीकडे काही दिसत नाही." मग त्यांनी वार लावून सांगितलं. कुठल्या दिवशी किती टेबलं भरतात, शनिवारी मुलांचे किती वाढदिवस, गाडीतून येणारे किती आणि जागा नाही म्हणून परत जाणारे किती. शेवटचा आकडा त्यांनी विशेष अभिमानाने सांगितला. मी वांगी खात ऐकत होते. लिहून घ्यायची मला गरज पडत नाही.

गाडीत बसून परत जाणारी माणसं. ड्राइव्ह-थ्रूला नेमकी तीच लागतात. सोमवारी मी आकडे घातले आणि जागा पाचांत पहिली आली. मॅनेजर खूश झाला. आकडा कुठून आला असं त्याने विचारलं, मी म्हणाले स्थानिक निरीक्षण. मॉडेल आणखी एक गोष्ट सांगतं: नवीन दुकान आलं की जुन्याचं किती गिऱ्हाईक जातं. काकांचं निम्म्याहून थोडं जास्त जातं. तीनची गर्दी जवळजवळ सगळीच. त्या माणसांना घरी जायची घाई असते, त्यांना टेबल नको असतं, आजवर दुसरं काही नव्हतं म्हणून ती बसत होती. हे काकांना कळणार नाही. ती आपल्यावर प्रेम करतात म्हणून येतात असं त्यांना वाटतं. थोडीफार करतही असतील. त्याचा अंदाज मला बांधता येत नाही.

ऑगस्टमध्ये काकांनी मला लीजबद्दल विचारलं. त्यांचं जुनं संपतंय. घरमालक पंधरा वर्षांचं द्यायला तयार आहे, पण मध्ये सोडायची मुभा नाही, आणि काकांनी राहत्या घराची हमी द्यायची आहे. काका बासष्टचे आहेत. म्हणाले, "तू दुकानांच्या जागांचंच काम करतेस ना, सांग, करू का सही?" मला तेव्हा बोलता आलं असतं. फक्त 'थांबा' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणाले, "काका, वकिलाला विचारा, मला लीजमधलं कळत नाही." हे खोटं होतं. मी रोज लीजं वाचते.

का, तेही लिहिते. माझं वर्क परमिट मी नोकरी करते त्या कंपनीच्या नावावर आहे. गुपित फोडलं तर नोकरी जाते, आणि नोकरी गेली की मला परत जावं लागतं. हे कारण खरं आहे. पण दोन महिने रोज तेच कारण स्वतःला सांगितल्यावर मला दिसलं की त्यामागे दुसरं आहे. काकांना कळलं की समोर दुकान येतंय, तर ते एवढंच म्हणतील, बरं झालं सांगितलंस. पण आकडे कुठून गेले हे कळलं, तर ते त्या रविवारचं जेवण आठवतील. मी परत जायला तयार होईन कदाचित. ते जेवण त्यांनी आठवावं याला मी तयार नव्हते.

तुला लिहायचं ठरवलं तेव्हा मनात होतं की तू त्यांना काहीतरी निमित्त काढून थांबवावंस, माझं नाव न घेता. कौन्सिलमध्ये ओळखीचं कुणी आहे, त्यांच्याकडून कळलं, असं काहीतरी. तसा मजकूर मी तयारही केला होता. तो पाठवत नाही. तू सासऱ्यांशी कधी खोटं बोललेली नाहीस आणि ती सुरुवात माझ्यासाठी व्हायला नको.

काल काकांचा फोन आला. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता वकिलाकडे सही आहे. अशा कागदावर साक्षीदार लागतो आणि तो घरचा असलेला चालत नाही, असं वकील म्हणाला. म्हणून अवधूत नाही, तू नाहीस, काकू नाहीत. काका हसत म्हणाले, "कागदावर तू बाहेरची आहेस, म्हणून तू चालतेस. अकराला ये, मग जेवायलाच जाऊ घरी." मी हो म्हणाले. मी साक्षीदार म्हणून सही करणार नाही. गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मी हाउन्सलोला जाऊन काकांना वरचे सातही मुद्दे सांगणार आहे, चौथ्या आणि पाचव्यासकट. त्यानंतर ऑफिसात जे व्हायचं ते होईल. पण हे ऐकताना काका-काकू दोघंच घरात असू नयेत, आणि मी निघून गेल्यावर त्यांच्यापाशी कुणीतरी त्यांचं हक्काचं असावं. म्हणून हे पत्र. गुरुवारी संध्याकाळी तू आणि अवधूत तिथे याल का, ते मला बुधवारी रात्रीपर्यंत कळव.

तुझीच, तू म्हणशील तोवर,
निवेदिता