दाढीचा डबा

खुशीचे बाबा,

तुमचा पत्ता मालूम नाई, म्हणून हे पत्र लिहून पेटीतच ठेवून राहिली.

गुराखी बकाराम अजूनही तेच सांगते. दिवेलागणीले तळ्यावर, बोडीच्या पाळीवर पांढरा उजेड उतरला अन् तुमाले उचलून वर घेऊन गेला. तुमची बहीण रुख्मा म्हणते, उजेड-फुजेड काई नाई, माझा भाऊ सडक अर्जुनीच्या ढाब्यावरून ट्रकात बसून रायपूरले गेला. पोलीस दोघाइचंही ऐकून चहा पिऊन गेले.

मी बकारामच्या बाजूनं आहो. उजेडानं नेलेल्याची बायको वाट पाहत असते, तिच्याशी लोक बोलतात. टाकून दिलेलीलेही हळदीकुंकवाले बोलावतात, पण ती आली का बाया गप्प होतात.

त्या दिवसापासून तुमचा दाढीचा डबा फळीवर नाई. हे मी कोनाले सांगतलं नाई. रुख्माची नजर लय बारीक, म्हणून केशोरीच्या बाजारातून तसाच निळा डबा आणून ठेवला. आपली खुशी त्याच्यावरची धूळ पुसते. म्हणते, बाबा आले का लागंल.

परवा फोन आला. तिकडून कोनी बोललं नाई, मांगं ट्रकाचा हॉर्न वाजला. रुख्मा बाजूलेच बसली होती. मी राँग नंबर म्हटलं अन् ठेवून देला.

राग नका धरू. यायचं असंल तर या. फक्त दाढी वाढवून या. डबा तर घरीच होता ना तुमचा.

उजेडाच्या बाजूनं बोलणारी,
रंजिता